आधी ताई, मग यंत्र

शनिवारी दुपारी कर्जतमधल्या दातांच्या दवाखान्यात थोडा वेळ बसलं, की बाकावर दोन तऱ्हेची कुटुंबं शेजारी शेजारी दिसतात. एक नेरळ-कर्जतच्या नव्या गृहसंकुलातलं. मुलाचा एक्स-रे मोबाइलवर पाठवाल का, दुधाच्या दाताला पांढरी कॅप मिळेल का, असं विचारणारं. दुसरं कशेळे-खांडसकडच्या एखाद्या वाडीवरचं. पोराचा गाल सुजलेला, दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा आणि आईचा त्या दिवसाचा रोज बुडालेला. दोन्ही मुलं थोड्या वेळाने त्याच खुर्चीत बसणार आहेत, आणि दोघांचाही हात एकच मदतनीस ताई धरणार आहे.

कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यात लहान मुलांचे दात बघणाऱ्या दवाखान्यांपुढे सध्या एक अवघड हिशेब आहे. हाताशी येणारा पैसा नव्या यंत्रावर घालायचा, की माणसं टिकवण्यावर? दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणूनच घाईने निकाल देणं बरं नाही.

माणसांची अडचण खरी आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांची नोंदणी ठरवून दिली. खुर्चीशेजारी उभी राहणारी मदतनीस त्यात नाही. तिला डॉक्टरच शिकवतात. दहिवलीची किंवा खोपोलीची बारावी झालेली मुलगी येते. उपकरणं धुऊन, पाकिटात भरून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक कशी करायची, सक्शन कुठे धरायचं, सिमेंट किती घट्ट कालवायचं, रडणाऱ्या मुलाशी काय बोलायचं, हे तिच्या अंगवळणी पडायला वर्ष जातं. मग तिला बदलापूर-कल्याणकडच्या मोठ्या दवाखान्यात जास्त पगार मिळतो, किंवा लग्न ठरतं. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाने नवी मुंबई आणखी जवळ येईल, तशी ही गळतीही वाढेल. तज्ज्ञांचंही तेच. पाच वर्षांच्या बीडीएसनंतर तीन वर्षं बालदंतशास्त्रात एमडीएस केलेला डॉक्टर खारघर, कामोठे, नेरुळच्या महाविद्यालयांच्या आसपास स्थिरावतो. तालुक्याच्या वाट्याला तो आठवड्यातून एखादा दिवस येतो.

अशा वेळी यंत्राकडे मन वळलं, तर त्यात चूक काही नाही. डिजिटल एक्स-रेचं चित्र काही सेकंदांत पडद्यावर दिसतं, फिल्म धुण्याची वाट बघावी लागत नाही, आणि किरणांची मात्राही कमी लागते. पाच वर्षांच्या मुलाचा धीर तेवढाच असतो. पडद्यावरची कीड आईला बोटाने दाखवता येते; दहा वाक्यांनी न पटलेलं त्या एका चित्राने पटतं. मापासाठी तोंडात मसाला भरला की मुलांना उमासे येतात, स्कॅनरने ते टळतं. शिवाय यंत्र नोकरी सोडून जात नाही. दर दोन वर्षांनी नवी मुलगी शिकवून थकलेल्या डॉक्टरांचं हे म्हणणं रास्तच आहे.

पण यंत्राचाही खर्च खरेदीवर थांबत नाही. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते. देखभालीचा वार्षिक करार येतो, सॉफ्टवेअरचं शुल्क येतं. पावसाळ्यात वीज गेली की कॉम्प्रेसर बंद आणि फवारा हातातच. आणि मुळात यंत्र आणि मूल यांच्यामध्ये कुणीतरी लागतंच.

ते ‘कुणीतरी’ काय करतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. सहा वर्षांचा मुलगा खुर्चीच्या दांड्याला मिठी मारून उभा असतो. ताई त्याला उचलत नाही. स्वतः स्टुलावर बसते, त्याच्या उंचीला येते. “दे हात. हा बघ पाण्याचा फवारा. गुदगुल्या होतात ना? आता हाच तुझ्या दाढेला आंघोळ घालणार.” आधी तळहातावर, मग नखावर, मग समोरच्या दातावर. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही बालदंतशास्त्रातली १९५९ पासूनची मान्य रीत. ताईला तिचा इतिहास माहीत नसतो, पण रीत हातात असते. तेवढ्यात आई म्हणते, “दुधाचेच दात ना, ताई? पडणारच आहेत. काढूनच टाका.” मग ताई तिला सांगते, की मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, लवकर काढल्या तर खालून येणाऱ्या दाताची जागा जाते. आणि सगळ्यात मागे नुकतीच वर आलेली ही दाढ दुधाची नाहीच. ती सहाव्या वर्षी येते, कुठलाही दात पाडून येत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. ती जन्मभराची. हे सगळं ती आईच्या बोलीत सांगते. हे काम कुठलाही पडदा करणार नाही.

या भागाची आणखी एक गरज शहरातल्या दवाखान्यांना सहसा नसते. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ‘पुढच्या आठवड्यात या’ या वाक्याला त्यांच्या लेखी अर्थ नाही. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वाडीवर कधीच पोचला आहे, दंतवैद्य मात्र अजून पोचलेला नाही. या मुलांना एका भेटीत संपणारे उपचार हवेत, आणि ते आहेत. किडीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावला की कीड बहुतेक वेळा थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दात काळा पडतो, हे मात्र आईवडिलांना आधी सांगितलंच पाहिजे. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांनी रुळवलेल्या पद्धतीत इंजेक्शन न देता, दात न कोरता स्टीलची कॅप बसवतात. कीड दाताच्या नसेपर्यंत गेलेली नसेल तरच ती चालते. हाती हत्याराने कीड खरवडून सिमेंट भरण्याची रीत १९८० च्या दशकात टांझानियात, विजेची खात्री नसलेल्या भागांसाठी, आकाराला आली. हेही नवं तंत्रज्ञानच आहे. त्याला भारी यंत्र लागत नाही, तयार हात लागतात.

म्हणून आमचा कौल असा. पहिला पैसा ताईच्या पगारावर आणि शिक्षणावर जावा. दुसरा डिजिटल एक्स-रे आणि चांगल्या ऑटोक्लेव्हवर, कारण त्यांचा उपयोग बाकावरच्या दोन्ही मुलांना सारखाच होतो. स्कॅनर, लेझर यांचा नंबर त्यानंतर. तेही कर्जत आणि खोपोलीच्या दवाखान्यांनी मिळून घ्यावेत, जसा तज्ज्ञ डॉक्टर ते आज वाटून घेतात. शिकवलेली मुलगी निघून जाईल ही भीती खोटी नाही. पण न शिकवलेली राहिली, तर त्याची किंमत मूल मोजतं. ठरलेली पगारवाढ, आठवड्याची पक्की सुट्टी, शेवटची गाडी चुकणार नाही अशी वेळ, लग्नानंतर अर्धा दिवस काम करायची मुभा, कामाचं लेखी प्रमाणपत्र, एवढ्याने सगळ्या जणी थांबणार नाहीत. काही नक्की थांबतील.

हा भार एकट्या डॉक्टरांवर टाकणंही अन्याय ठरेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि किडके दात त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. कीड सापडलेलं मूल खुर्चीपर्यंत पोचवायचं, तर उपजिल्हा रुग्णालयात बालदंततज्ज्ञाचा ठरलेला वार हवा. नवी मुंबईच्या दंत महाविद्यालयांनी इथल्या मुलींसाठी मदतनीसाचा छोटा, प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम कर्जतला किंवा खोपोलीला येऊन चालवावा. वर्षभर त्यांची शिबिरं होतच असतात. त्यातली काही शिकवण्यासाठी ठेवावीत.

आणि पालकांनी एवढं करावं. पहिला दात दिसला, की मूल वर्षाचं होण्याच्या आत दाखवून आणावं. दवाखाना निवडताना यंत्रं किती आहेत हे जरूर बघावं, पण त्याआधी विचारावं: इथल्या ताई किती वर्षं इथे आहेत?