पाणी गावाचे, उद्योग घराचा

महाराष्ट्रातील खातेदाराची सरासरी शेतजमीन १९७०-७१च्या कृषिगणनेनुसार ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. भावाभावांत वाटण्या होत गेल्या, बांध वाढले आणि शेत आक्रसले. खानदेशातील तरुण सुरत-पुण्याची वाट धरतात, साक्री तालुक्यातील वनवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरात गाठतात, त्यामागे हेच वास्तव आहे. एवढ्याशा जमिनीवर घर उभे राहू शकते काय, हा खरा प्रश्न आहे.

राहू शकते, मात्र केवळ पीक विकून नव्हे. रावेर-यावल पट्ट्यातील केळीचा घड बागेतून थेट ट्रकमध्ये चढतो आणि त्याचे मोल दुसरेच कोणी ठरवतात. भाव कोसळला की नाशवंत माल घरात ठेवताही येत नाही. त्याच केळीचे वेफर्स घरच्या कढईत तळले गेले, तर मजुरी आणि नफा दोन्ही घरात राहतात. उन्हाळ्यात खानदेशातील प्रत्येक अंगणात उडदाचे पापड, बिबडे, कुरडया वाळत असतात. हे कौशल्य शिकवण्यासाठी कोणत्याही प्रशिक्षण केंद्राची गरज नाही. उणीव आहे ती भांडवलाची, वेष्टनाची आणि बाजारपेठेची. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. परंतु नाव आणि अनुदान घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचल्याशिवाय त्यांचा उपयोग काय?

आणि कर्ज-अनुदान मिळाले तरी एक पायरी उरतेच. विहीर कोरडी असेल तर कढईत तळायचे काय? धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले आहे. साक्री तालुक्यातील या वनवासी पाड्याभोवतीचे जंगल उजाड झाले होते, पाणी आटले होते. एम. कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीमागे न जाता गावात राहिले. वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीने १९९०च्या दशकाच्या प्रारंभी ग्रामस्थांनी स्वतःवर नियम घालून घेतले. झाड तोडणाऱ्यास दंड ठरवला. ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखले गेले आणि विहिरींना पाणी आले. भात आणि भाजीपाला पिकू लागला, रोजगारासाठीचे स्थलांतर थांबले. चैत्रामभाऊंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तो एका संपूर्ण पाड्याचा गौरव ठरला.

बारीपाड्याचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी गावाची शिस्त, मग पाणी, मग शेती आणि त्यानंतर घरोघरचे उत्पन्न. आपल्या योजना नेमक्या उलट्या टोकापासून, कर्जमेळाव्यापासून सुरू होतात.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन याच खानदेशातील फैजपूरला भरले. तेथे ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही मांडले होते. प्रदर्शने त्यानंतर पुष्कळ झाली. आता हवी आहे ती नित्याची गिऱ्हाइकी. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबाने वर्षाचे पापड, बिबडे, तांदूळ एखाद्या गावातील बचत गटाकडून घ्यायचे ठरवले, कार्यकर्त्यांनी ती साखळी जोडून दिली, तर त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. गाव जगवण्याची भाषा सभांमधून पुरेशी झाली; ती आता घरच्या किराणा यादीत उतरली पाहिजे.