कान कोण तपासणार?

मालवण तालुक्यातील तोंडवली-तळाशीलची वाळूची चिंचोळी पट्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिथल्या माणसांच्या कानांविषयी निराळे सांगावयास नको. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. बोटीच्या इंजिनाशेजारी तासन् तास बसणारा खलाशी, पावसाळाभर दमट हवेत कानाला बुरशी धरलेली म्हातारी, आणि अलीकडे मालवण-तारकर्लीच्या पाण्यात पर्यटकांना बुडी मारावयास नेणारी तरुण मुले. दहा मीटर खोलीवर कानाच्या पडद्यावरचा दाब दुप्पट होतो, आणि पडसे झालेले असतानाही रोज चुकवायचा नाही म्हणून हा मुलगा पाण्यात उतरतो.

आता या माणसांना असे सांगण्यात येत आहे की, डॉक्टर नसला तरी हरकत नाही. खिशात फोन आहे, त्यातील चॅटबॉटला विचारा. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि तेव्हापासून कान-नाक-घसा शास्त्रातही त्याचा गाजावाजा चालू आहे. आपल्यातील काही तरुण मित्रही या प्रचाराने भारावून गेले आहेत. प्रस्तुत लेखकाचे भांडण त्यांच्याशी नाही. ते ज्या युक्तिवादाला बळी पडले आहेत त्याच्याशी आहे.

युक्तिवादाचा पहिला आधार असा की, यंत्र परीक्षा उत्तीर्ण होते. २०२३ साली जर्मनीत कान-नाक-घसा विशेषज्ञांच्या परीक्षेच्या तयारीसाठी असलेले २,५७६ प्रश्न चॅटजीपीटीला घालण्यात आले, तेव्हा ५७ टक्के उत्तरे बरोबर आली. त्यानंतरची यंत्रे अधिक हुशार झाली आहेत, हे मान्य. उद्या ती शंभर टक्के गुण मिळवतील, असेही गृहीत धरू. तरीही मूळ प्रश्न सुटत नाही. कारण परीक्षेच्या प्रश्नात ‘रुग्णाच्या कानाच्या पडद्याला छिद्र आहे’ असे आधीच लिहिलेले असते. ते छिद्र कोणीतरी पाहिलेले असते. तोंडवलीत ते पाहणारा कोण?

समजा, एखाद्या रापणकाराच्या एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले. मळ साठल्यानेही असे होते आणि आतील नस दुखावल्यानेही होते. पहिल्या बाबतीत मळ काढला की काम झाले. दुसऱ्या बाबतीत तातडीने औषध सुरू करावे लागते, आणि दोन आठवडे उलटले की त्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो. या दोहोंतला फरक ओळखण्यास कानात डोकावणारा दिवा आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा एक पोलादी नादकाटा बहुधा पुरतो. पण तो कपाळावर टेकवणारा हात लागतो. कान वाहू लागला असता कोणते थेंब घालावेत, हे यंत्र सांगेल. परंतु पडदा फाटलेला असेल तर त्यांपैकी काही थेंब आतल्या कानाला अपाय करू शकतात. घसा तीन आठवडे बसलेला राहिला तर स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहिलेच पाहिजे. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. ज्या प्रदेशात तंबाखू आणि मशेरी घरोघर आहे, तिथे ‘कोमट पाण्याच्या गुळण्या करा’ हा सल्ला प्राणघातक ठरू शकतो.

शिवाय भाषेचे काय? ‘कान फुटलो’ म्हणजे कानातून पू येतो आहे, आणि ‘घोळणा फुटला’ म्हणजे नाकातून रक्त वाहते आहे, हे मालवणच्या रुग्णालयातील परिचारिकेला शिकवावे लागत नाही. इंग्रजी मजकुरावर प्रामुख्याने पोसलेल्या यंत्राला ते कळेलच, याची हमी कोणी दिली आहे?

वैद्यकीय शिक्षणाबाबत अधिक सावध राहावयास हवे. सिंधुदुर्गात आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठीच गोष्ट आहे. तेथील विद्यार्थ्याने पाठांतराच्या उजळणीसाठी चॅटबॉट वापरला तर आकाश कोसळणार नाही. एखाद्या मच्छीमाराच्या मुलीने बापाच्या श्रवणचाचणीचा इंग्रजी अहवाल त्याच्याकडून मराठीत समजावून घेतला, तर मला आनंदच होईल. ज्ञानाची मिरास मोडावी हाच तर आपला आग्रह आहे. परंतु हे यंत्र अस्तित्वात नसलेल्या शोधनिबंधांचे दाखले ठामपणे देते, हे अनेकवार उघड झाले आहे. चूक ओळखण्याइतके ज्याला येते त्यालाच ते उपयोगी. आणि विद्यार्थी म्हणजे ज्याला अजून तेवढे येत नाही तो. शंभर कान पाहिल्याशिवाय एकशे एकावा कान कळत नाही, आणि अध्यापकांच्या रिकाम्या जागा झाकण्यासाठी यंत्र पुढे केले गेले, तर ते शंभर कान दाखवणार कोण?

मालकीचा प्रश्न तर कोणी काढीतच नाही. ही यंत्रे मूठभर परदेशी कंपन्यांची आहेत. त्यांतील घाण निवडून काढण्याचे काम केनियातील कामगारांनी तासाला दोन डॉलरांहून कमी मजुरीवर केले, हे जानेवारी २०२३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने प्रसिद्ध केले. रुग्णाने सांगितलेले दुखणे कोणाच्या तिजोरीत जमा होते, हेही विचारले पाहिजे. मालवणच्या पारंपरिक मच्छीमाराला हे समजावणे कठीण नाही. पर्ससीन जाळेही प्रगती म्हणूनच आले होते. मासळी कोणाच्या बोटीत गेली हे रापणकाराने अनुभवले आहे, आणि २०१६ साली शासनाला त्या जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले ते त्याच्या लढ्यामुळे.

‘काहीच नसण्यापेक्षा यंत्र बरे’, हा शेवटचा युक्तिवाद सर्वांत फसवा आहे. हे ‘काहीच नसणे’ समुद्राच्या भरतीसारखे आपोआप आलेले नाही. सिंधुदुर्गचा रुग्ण दूर बांबोळीला जातो, कारण त्याच्या जिल्ह्यात सोय उभी करण्यात आली नाही. २०१८ साली गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गच्या लोकांना रस्त्यावर यावे लागले. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून कागदावर आहे. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधू दंडवते यांनी ज्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले, त्या भागात आजही हे लिहावे लागते!

कायदा या बाबतीत मुका नाही. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला रुग्णास सल्ला देण्याची वा औषध लिहून देण्याची मुभा नाही. तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचाच. तरीही चॅटबॉट रोज सल्ला देत आहेत, आणि सल्ला चुकला तर जाब देण्यास कोणी उभे नाही. चुकलेल्या डॉक्टरला निदान न्यायालयात खेचता येते.

तेव्हा तोंडवलीपासून आचऱ्यापर्यंतच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी प्रश्न विचारावेत. मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञ आठवड्यातून कोणत्या वारी बसतो? श्रवणचाचणीचे यंत्र आहे काय, आणि ते चालवणारा माणूस नेमला आहे काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात कान पाहण्याचा दिवा आहे काय? आशा कार्यकर्तीला शाळकरी मुलांचा वाहता कान ओळखण्याचे शिक्षण कधी दिले? उत्तरे तारखेनिशी घ्यावीत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत.