टोल माफ झाला. वीज कुठे आहे?

समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरची वाट सलग झाली. त्याच वर्षीच्या राज्य धोरणात या मार्गावर विजेवरील मोटारींना टोलमाफीही जाहीर झाली. निर्णय स्वागतार्हच! पण नागपूरहून कुटुंबासह निघालेल्या प्रवाशाची खरी चिंता टोलची नसते. वाटेत वीज मिळेल का, ही असते.

कागदावर साडेचारशे किलोमीटर धावणारी मोटार ताशी १२० च्या वेगाने पळू लागली की तो आकडा झपाट्याने खाली येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; त्यापुढे जाहिरातीचे काही चालत नाही. म्हणजे निदान दोन थांबे आलेच. त्यातही बॅटरी ऐंशी टक्के भरल्यावर चार्जिंगचा वेग मंदावतो. थांब्यावर यंत्रे दोन, त्यांतले एक बंद, आणि पुढे उभा असलेला गृहस्थ शंभर टक्क्यांचा हट्ट धरून बसलेला, अशा वेळी मागच्याने काय करावे? अर्थात त्या गृहस्थाला दोष तरी कसा द्यावा? पुढचे यंत्र चालू असेल याची हमी त्याला कोणी दिली आहे?

महामार्गावर दर २५ किलोमीटरवर चार्जिंग केंद्र असावे, असा निकष केंद्राने २०१८ मध्येच सांगितला होता. सात वर्षांनी राज्याच्या धोरणात तेच २५ किलोमीटर पुन्हा अवतरले! अंतराचा निकष यंत्र कोठे उभे करायचे एवढेच सांगतो. ते वर्षातले किती दिवस चालू राहिले पाहिजे आणि बंद पडल्यास दंड कोणाला, हे ठणकावून कोण सांगणार?

दुसरा जाच अ‍ॅपचा. जितक्या कंपन्या तितकी अ‍ॅप, तितकीच आगाऊ भरलेली खाती. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा करून देशभरचे टोलनाके एका चिकटपट्टीवर आणणाऱ्या, चहाच्या टपरीपर्यंत यूपीआय पोहोचवणाऱ्या देशाला हे अशक्य आहे काय? एकाच सामायिक अ‍ॅपचे सूतोवाच केंद्राने २०२५ मध्ये केले खरे. पण भर उन्हात अडकलेल्या मोटारीला सूतोवाचाने चार्जिंग होत नाही.

गरजेच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या देशाने लोकांना विजेच्या गाडीकडे वळवले, ते योग्यच केले. त्या हाकेला ओ देऊन ज्यांनी पदरचे लाखो रुपये मोजले, त्यांना मात्र रात्री घाटाच्या पायथ्याशी बंद यंत्रापुढे उभे राहावे लागते.