तापांतून उठलेला खेळाडू

मुलगा तापांतून उठला, कीं घरांत एक ठरलेला वाद सुरू होतो. मुलाचा जीव मैदानाकडे ओढ घेत असतो. आजी म्हणतात, "चार दिवस थांब, दुखणें उलटेल." काका म्हणतात, "जाऊं द्या त्याला. घाम निघाला म्हणजे अंग हलकें होईल." यांत खरें कोणाचें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत मोठमोठ्या विद्यापीठांसहि त्याचा विचार करावा लागला आहे.

विषाणूंपासून होणारें दुखणें बहुधा नाकाघशांतच संपतें. परंतु क्वचित् हृदयाच्या स्नायूंसहि दाह होतो. अशा हृदयाकडून धांवण्यापोहण्याचें काम घेतलें, तर त्याची गति एकाएकीं बिघडून प्राणावर बेतूं शकतें. १९७० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, कॉक्सॅकी नांवाच्या विषाणूची बाधा झालेल्या उंदरांस पोहावयास लाविलें, तेव्हां त्यांच्या हृदयाचा विकार अधिकच बळावला. उंदरांवरून माणसांचे सर्व नियम ठरत नाहींत हें खरें. तथापि तापांत श्रम नकोत, या म्हणण्यास त्यानें बळकटी आली.

२०२० सालीं कोविडची सांथ आली, तेव्हां ही भीति एकदम वाढली. ओहायो स्टेट विद्यापीठांत कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाचें एम.आर.आय. यंत्रानें चित्रण केलें, त्यांत ४ जणांच्या ठायीं दाहाचीं चिन्हें आढळलीं. हें प्रमाण ऐकून कोणाहि आईबापांच्या पोटांत गोळा यावा. पुढील वर्षीं मोठ्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या. अमेरिकन विद्यापीठांतील १,५९७ खेळाडूंच्या तशाच चित्रणांत ३७ जणांस दाह आढळला. त्यांतील २८ जणांस हृदयाचा कांहींच त्रास जाणवत नव्हता. व्यावसायिक संघांतील ७८९ खेळाडूंच्या साध्या तपासणींत ३० जणांविषयीं शंका आली, परंतु अधिक शोध केल्यावर हृदयाचा किंवा त्याच्या आवरणाचा दाह ५ जणांतच ठरला. बाकीच्या २५ घरांना विनाकारण घोर लागला असेल. सर्वांचीच कसून तपासणी करावी, तर खर्च व घबराट. कोणाचीच करूं नये, तर एखाद्याच्या जिवाशीं गांठ, असा हा पेंच आहे.

२०२२ सालीं अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी या संस्थेनें यांतून मध्यम मार्ग सांगितला. ज्यास छातींत दुखणें, धाप लागणें, धडधडणें अथवा घेरी येणें यांपैकीं कांहीं झालें असेल, त्याचा ई.सी.जी. काढावा, ट्रोपोनिनसाठीं रक्त तपासावें आणि इको करून हृदयाचें चित्र पाहावें. यांत शंका आली तरच पुढें एम.आर.आय. करावा. ज्यास असा कांहींच त्रास नव्हता, त्यास या तपासण्यांची गरज नाहीं; त्यानें बरें वाटल्यावर हळूहळू खेळास लागावें. दाह ठरलाच, तर त्या संस्थेनें ३ ते ६ महिने कसरत वर्ज्य सांगितली. तेवढ्यानें खेळ कायमचा संपतो असें नव्हे. बायर्न म्यूनिक संघाचा फुटबॉलपटु आल्फोन्सो डेव्हिस यास जानेवारी २०२२ मध्यें कोविडनंतरच्या तपासणींत हृदयाचा सौम्य दाह आढळला; एप्रिलांत तो पुन्हां मैदानावर उतरला.

आतां आमच्या वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या साऱ्या व्यवस्थेचा पाया म्हणजे "छातींत दुखतें का?" या प्रश्नास मुलानें दिलेलें खरें उत्तर. आणि तेंच उत्तर आपल्या घरांतून बहुधा मिळत नाहीं. सामना जवळ आलेला असतो, संघांतील जागा जाईल ही धास्ती असते, शिवाय "एवढ्याशा तापानें गळाठलास?" हा टोमणा ऐकावयाचा असतो. मग मुलगा जिना चढतांना लागलेली धाप गिळून टाकतो. जें तो वडिलांस सांगणार नाहीं, तें जेवावयास वाढणाऱ्या काकूस किंवा शेजारीं निजणाऱ्या धाकट्या भावास ठाऊक असतें. एकत्र कुटुंबाचा हा मोठाच लाभ आहे. परंतु त्यांचें बोलणें वडील माणसांनीं ऐकून घेतलें, तरच तो पदरांत पडतो.

तेव्हां आजींचें आणि काकांचें भांडण आम्ही असें मिटवूं : थांबावयाचें, हें आजींचें म्हणणें खरें, मात्र किती दिवस, हें पंचांगानें ठरवावयाचें नाहीं, मुलाच्या प्रकृतीनें ठरवावयाचें. ताप व अंगदुखी जाईपर्यंत मैदान बंद. पुढें आधीं चालणें, मग धांवणें. आणि मधेंच छातींत कळ किंवा घेरी आली, तर खेळ तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावें. मुलानें तसें येऊन सांगितलें, तर त्यास कोणी नाजूक म्हणूं नये. खरें सांगावयासहि धैर्य लागतें, आणि त्याचें कौतुक घरांतूनच व्हावयास हवें.