कॉफी भाजायचे घरगुती यंत्र : नमुन्यासाठी घ्या, धंद्यासाठी नव्हे

घरात बसून कॉफी भाजायची, पाकिटे भरायची आणि विकायची, असा धंदा करता येईल काय, अशी विचारणा अलीकडे अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील होतकरू तरुण करू लागले आहेत. चिखलोलीच्या बाजूला नव्या इमारती उभ्या राहिल्या. शहरात एक पाव कॉफीला पाच-सातशे रुपये मोजणारे गिऱ्हाईक दिसू लागले. त्यातच टेबलावर मावणाऱ्या भाजणी यंत्रांच्या जाहिराती मोबाईलवर येऊ लागल्या. यंत्राची किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आहे. कुणी घरातले दागिने मोडायचा विचार करतो, कुणी भावाने आखातातून पाठवलेली रक्कम त्यात घालायला निघतो. रक्कम घरची असल्यामुळे स्पष्ट बोललेले बरे.

आमचे मत असे की घरगुती यंत्र ही तागडी आहे, भट्टी नव्हे. माल पारखण्यासाठी आणि हात बसवण्यासाठी ते जरूर घ्यावे. त्याच्यावर धंदा उभारू नये.

कॉफी हा आपल्याला परका माल नाही. पंधराव्या शतकात येमेनच्या सूफी खानकाहांत रात्रीच्या इबादतीसाठी जागे राहता यावे म्हणून कॉफी पीत असत. पुढे मोखा बंदरातून ती जगभर गेली. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी हजहून परतताना सात बिया सोबत आणून चिकमंगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. त्या डोंगरांना आजही बाबा बुडनगिरी म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते. (चिखलोली आणि चिखलदरा यांचे साम्य नावापुरतेच आहे.) १९४२ च्या कॉफी कायद्याखाली मळेवाल्याला सगळा माल कॉफी मंडळाकडे जमा करावा लागे. ती पद्धत १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने संपली, आणि मळेवाल्याकडून थेट माल घेण्याचा रस्ता लहान व्यापाऱ्यालाही मोकळा झाला. माल मिळणे ही अडचण आता राहिलेली नाही. खरी अडचण भाजण्याच्या हिशेबात आहे.

तो हिशेब असा मांडावा. घरगुती यंत्रात एका वेळी साधारण पाव किलो कच्ची कॉफी मावते. भाजायला १२ मिनिटे, थंड करायला ४-५ मिनिटे, साल झटकून पुन्हा भरायला ३ मिनिटे, म्हणजे एका घाण्याला २० मिनिटे गेली. तासात तीन घाणे, म्हणजे ७५० ग्रॅम कच्चा माल. भाजताना वजन घटते. मध्यम भाजणीत ती घट १५-१६ टक्के असते, त्यामुळे तासाला ६३० ग्रॅम तयार माल हाती आला. आठवड्याला फक्त १० किलो विकायचे म्हटले तरी १६ तास यंत्रापाशी उभे राहणे आले. निवडणे, दळणे, पाकिटे भरणे आणि पोचवणे वेगळेच. शिवाय ही यंत्रे ओळीने घाणे काढण्यासाठी बनवलेली नसतात. बरेच कारखानदार दोन घाण्यांच्या मध्ये यंत्र थंड होऊ द्या असे लिहून देतात, आणि धंद्यासाठी वापरल्यास गॅरंटी लागू नाही ही ओळ बारीक अक्षरात असते. ती ओळ पैसे देण्याआधी वाचावी. याउलट गॅसवर चालणाऱ्या, दोन किलो घेणाऱ्या साध्या पिंपात तेच १० किलो दोन तासांत निघतात.

घटीच्या हिशेबात पुष्कळ जण फसतात. कच्चा माल ६०० रुपये किलो धरला, तर १६ टक्के घटीनंतर तयार किलो ७१४ रुपयांना पडतो. फिल्टर कॉफीसाठी गडद भाजली आणि घट २० टक्क्यांवर गेली, तर तोच किलो ७५० ला. यात वीज, पाकीट, मजुरी धरलेली नाही. दर ठरवताना मात्र डोक्यात ६००च असतात. भावही स्थिर राहत नाहीत. ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये पीक कमी आल्याने २०२४ पासून जगाच्या बाजारात कॉफी भडकली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. अशा वेळी गिऱ्हाइकाला वर्षभराचा भाव बांधून देणारा लहान भाजणारा बुडतो.

मग घरगुती यंत्र घ्यायचे कशासाठी? नमुन्यासाठी. मोठे कॉफीवालेसुद्धा गोणी उचलण्याआधी शंभर-दीडशे ग्रॅम भाजून पाहतात. कच्ची बी दिसायला चांगली असली तरी कपात मातकट निघू शकते. दलालाने पाठवलेले तीन नमुने आपल्या हाताने, एकाच पद्धतीने भाजून, शेजारी शेजारी तीन पेल्यांत चाखले, तर पन्नास किलोच्या गोणीतले नुकसान आधीच कळते. एवढ्या कामासाठी जे यंत्र पुरेल तेवढेच घ्यावे.

यंत्रांचे ढोबळ प्रकार दोन. एकात गरम हवेच्या झोताने बिया उडत्या ठेवून भाजतात. दुसऱ्यात फिरत्या पिंपात भाजतात. हवेच्या यंत्रात घाणा लहान, भाजणी लवकर होते आणि साल आपोआप उडते. फ्रेश रोस्ट हे अमेरिकी यंत्र या जातीचे. पिंपाच्या यंत्रात घाणा मोठा आणि भाजणी सावकाश. कोरियाच्या जीन कॅफेत ३०० ग्रॅम मावतात, अमेरिकेच्या बेहमोर १६०० मध्ये साधारण ४५० ग्रॅम, आणि एलिओ बुलेटमध्ये एक किलो. नावे चांगली आहेत. पण अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. नातेवाइकाने सामानात घालून आणलेले तिथले यंत्र इथल्या प्लगला लावले की जळते. दोन हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर मध्ये बसवला तरी तिथले ६० आणि इथले ५० आवर्तन यांतला फरक मोटरला जाणवतो. म्हणून २३० व्होल्ट, ५० आवर्तन असे पाटीवर कोरलेलेच यंत्र घ्यावे. १६०० वॅटचे यंत्र सात अँपिअर ओढते, त्याला साधा पाच अँपिअरचा प्लग चालणार नाही. गिझरचा मोठा प्लग लागतो, अर्थिंगसकट. व्होल्टेज खाली-वर होणाऱ्या वस्तीत एकाच घड्याळाने दोन घाणे सारखे येत नाहीत. आधी मल्टिमीटर लावून संध्याकाळचे व्होल्टेज पाहा, मग यंत्र पाहा.

आमची निवड विचाराल तर गॅसच्या शेगडीवर हाताने किंवा लहान मोटरने फिरणारे पिंप. ज्याचा बेअरिंग, पट्टा आणि मोटर अंबरनाथच्या बाजारात मिळते, तेच यंत्र आपले. आत सर्किटची पाटी असलेले बंद खोके बिघडले की महिनाभर पडून राहते. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आल्यापासून या भागात लेथ, फिटिंग आणि वेल्डिंगची विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. चिखलोली-मोरिवलीच्या गाळ्यांत पत्रा वाकवणारा कारागीर असले पिंप सहज बनवील. त्याला कुणी ते काम आणून दिले नाही, एवढेच. यंत्र विकत घेण्यापेक्षा यंत्र बनवून विकण्यात आपल्या कारागिराला जास्त सुटेल, असे आम्हाला वाटते.

बनवणाऱ्याने काही गोष्टी पाळल्या पाहिजेत. पिंप स्टेनलेसचे किंवा साध्या लोखंडी जाड पत्र्याचे असावे. जस्त चढवलेला पत्रा मुळीच वापरू नये, तापल्यावर जस्ताचा धूर घातक ठरतो. आत रंग नको. पिंपाच्या आत तिरक्या पट्ट्या हव्यात, म्हणजे बिया एका जागी घसरत राहणार नाहीत. फेरे मिनिटाला पन्नासच्या आसपास असावेत. तापमानाची सळई हवेत लोंबती न ठेवता बियांच्या ढिगात बुडेल अशी बसवावी, नाहीतर आकडा भलताच दिसतो. बाहेर जाळीची परात आणि तिच्याखाली ओढणारा पंखा हवा. हा भाग लोक स्वस्तात उरकतात, आणि तिथेच माल बिघडतो. पिंपातून बाहेर आलेली बी स्वतःच्या उष्णतेने आत भाजतच राहते. तिला तीन-चार मिनिटांत हाताला गार लागेपर्यंत आणले पाहिजे. लवकर गार व्हावी आणि वजनही भरावे म्हणून वर पाणी शिंपडणारे आहेत. तो माल लवकर शिळा होतो आणि माप खोटे होते.

चणे-शेंगदाणे भाजणाऱ्या भडभुंजाची भट्टी वापरली तर काय होईल, असेही विचारले जाते. वाळूच्या भट्टीत कॉफी भाजू नये. बीच्या मधल्या चिरेत वाळूचा कण अडकतो आणि पुढे दळणाऱ्या चक्कीचे पाते खातो. मिरची-धणे भाजलेले पिंपही नको. त्याचा वास कॉफी उचलते आणि सोडत नाही.

आता वापराविषयी. कच्च्या बीत १० ते १२ टक्के ओलावा असतो. पहिली चार-पाच मिनिटे तो निघण्यातच जातात. हिरवी बी पिवळी होते, ओल्या गवताचा वास जाऊन भाकरी भाजल्यासारखा वास येतो. मग ती तपकिरी होऊ लागते, आणि आठ-दहा मिनिटांच्या सुमारास, बी २०० अंशांजवळ आल्यावर, लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज होतो. तो पहिला तडाका. या वेळी बी स्वतःच उष्णता सोडू लागते, म्हणून आवाजाच्या थोडे आधीच आच कमी करावी. नवशिका आवाज ऐकून आच वाढवतो आणि घाणा हातचा जातो. तडाक्यानंतर एक-दीड मिनिटात उतरवली तर मध्यम भाजणी. २२५ अंशांच्या पुढे दुसरा, बारीक तडाका ऐकू येतो. फिल्टर कॉफीसाठी त्याच्या तोंडाशी थांबावे. तेलाने चकाकणारी काळी बी म्हणजे जास्त चांगली कॉफी, असा समज आहे. त्या बीत मळ्याची चव उरत नाही, कोळशाची उरते.

यंत्र चालू असताना जागा सोडू नये. सुटलेली साल वाळल्या पापुद्र्यासारखी असते, ती धुराड्यात साठली की पेटते. प्रत्येक घाण्यानंतर ती काढावी. धुराचे काय करणार, हेही आधीच ठरवावे. इमारतीच्या गॅलरीत पाव किलो गडद कॉफी भाजली तरी शेजारच्या दोन घरांत धूर जातो, आणि दुसऱ्या आठवड्यात सोसायटीचे पत्र येते. गावठाणातल्या मोकळ्या पडवीत किंवा धुराडे असलेल्या गाळ्यातच हे काम शोभते.

पावसाळा हा आपल्याकडचा मोठा शत्रू. बदलापूर-अंबरनाथच्या पावसात तागाच्या गोणीतली कच्ची कॉफी ओल धरते आणि बुरशी येते. मंगळुरूच्या किनाऱ्यावर मुद्दाम दमट वारे लावून बी फुगवतात आणि ती मान्सून्ड मलबार या नावाने जगात खपते, हे खरे. पण तिथे थर पसरून, उलटसुलट करून, देखरेखीखाली ते होते. आपल्या माळ्यावर होते ती नुसती खराबी. कच्चा माल जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, जमिनीपासून उंच ठेवावा. रासायनिक कारखान्यांच्या वासाबद्दल या पट्ट्यातल्या रहिवाशांच्या तक्रारी जुन्या आहेत. ज्या गाळ्यात तो वास शिरतो तिथे उघडी गोणी ठेवणे म्हणजे तो वास पाकिटात भरून विकणे. भाजलेली बी मात्र लगेच आवळून बंद करू नये. तिच्यातून एक-दोन दिवस वायू निघत राहतो आणि पाकीट फुगते. एका बाजूने हवा सोडणारी झडप असलेली पाकिटे मिळतात, ती घ्यावीत.

गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न यंत्राच्या आधीचा आहे. उल्हासनगर-अंबरनाथचा सामान्य माणूस चहा पितो, आणि कॉफी म्हणजे बाटलीतली झटपट पूड. ताजी भाजलेली कॉफी ओळखणारी आहेत ती दाक्षिणात्य कुटुंबे, उडुपी हॉटेले आणि नव्या कॉफी दुकानांत जाणारा तरुण वर्ग. माटुंग्याला जाऊन पाहा. गिऱ्हाईक सांगेल तसे मिश्रण डोळ्यांसमोर दळून देणे, हेच तिथल्या दुकानदाराचे भांडवल आहे. तिथे चिकोरीला लाज नाही. मात्र कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापलेले हवे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी घरातून विकणाऱ्यालाही लागते. न भाजलेल्या कॉफीला जीएसटी नाही, भाजलेल्या कॉफीला ५ टक्के आहे.

ज्याला खरेच शिकायचे आहे त्याने घरच्या लोखंडी कढईत शंभर ग्रॅम भाजून सुरुवात करावी. भाजणी एकसारखी येणार नाही, पण रंग, वास आणि तडाका कानाला-नाकाला कळतील. त्यानंतर लहान पिंप. एक वही करावी : किती घातली, तडाका कितव्या मिनिटाला, उतरवली केव्हा, वजन किती भरले, चौथ्या दिवशी चव कशी. बेंगळुरूला कॉफी मंडळ कापी शास्त्र नावाचे प्रशिक्षण देत आले आहे. वही घेऊन तिथे गेलेल्याला जास्त मिळते. पन्नास घाण्यांची वही झाली आणि त्याच पंधरा-वीस घरांनी न सांगता दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा माल मागवला, म्हणजे मोठ्या पिंपासाठी गाळेवाल्या कारागिराकडे जावे. जाताना नमुन्याचे लहान यंत्र विकून टाकू नये. मोठ्या भट्टीसाठी माल घेताना ते रोज लागेल.