शहागडला मुक्काम का नको?

गोदावरीकाठच्या शहागडमध्ये घरातल्या रिकाम्या खोल्या पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने द्याव्यात, असा विषय चारचौघांत काढला की दोन तऱ्हेची माणसे बोलायला लागतात. पहिली म्हणतात, "इथं काय ठेवलंय? गंगा, पडका दरवाजा आणि हायवे. कोण येऊन राहणार?" दुसरी लगेच मोबाइलवर हिशेब मांडतात : ॲपवर फोटो टाका, रात्रीला तीन हजार लावा, वर्षभरात कर्ज फिटलं. मला दोन्ही मते चुकीची वाटतात, आणि दुसरे जास्त घातक वाटते. पहिले मत ऐकून फार तर काही घडत नाही. दुसरे ऐकून घर बँकेकडे गहाण पडते.

आधी पहिल्यांचे बोलणे तपासू. "इथं काय ठेवलंय" हे वाक्य गंगथडीच्या, म्हणजे गोदावरीच्या काठच्या, माणसाने उच्चारावे याचे मला मनापासून वाईट वाटते. शहागडहून तास-दीड तासाच्या टप्प्यात नदीच्या वरच्या अंगाला ज्ञानेश्वरांचे आपेगाव आणि एकनाथांचे पैठण आहे, खालच्या बाजूला घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचे जांब आहे. मराठी माणसाच्या मनावर ज्यांनी शतकानुशतके राज्य केले अशा तिघांच्या गावांना एका मुक्कामात जाऊन येता येईल, अशी जागा महाराष्ट्रात दुसरी दाखवा. पैठण तर त्याही आधी सातवाहनांचे प्रतिष्ठान. शेजारी नाथसागर जलाशय, तिथे हिवाळ्यात उतरणारे पक्षी. अंबडला डोंगरावर मत्स्योदरी देवी.

आणि नदी ओलांडली की बीड जिल्ह्यातले राक्षसभुवन. शनीच्या दर्शनाला येणाऱ्यांना ते नाव माहीत असते, पण १० ऑगस्ट १७६३ ला तिथे काय झाले ते फार थोड्यांना ठाऊक असते. थोरले माधवराव पेशवे निजामाच्या पाठलागावर तिथे पोचले तेव्हा निजाम नदीपार निघून गेला होता, त्याची मागे राहिलेली फौज दिवाण विठ्ठल सुंदरच्या हाताखाली दक्षिण तीरावर होती, आणि मध्ये पावसाळ्यातली गोदावरी. विठ्ठल सुंदर तिथेच पडला. पानिपतानंतर अडीच वर्षांत मराठ्यांनी पुन्हा उभारी धरली ती या नदीच्या काठावर. पुस्तकात वाचून ही लढाई नीट कळत नाही. ऑगस्टमध्ये काठावर उभे राहून पाणी पाहिले की मागे राहिलेल्या फौजेला मदत का मिळाली नाही ते कोणी न सांगता समजते. त्यासाठी पाहुणा रात्री राहिला पाहिजे, सकाळी उठून नदीवर गेला पाहिजे, आणि त्याला घेऊन जाणारे घरातले कोणी तरी पाहिजे. लॉजच्या काउंटरवरचा माणूस हे काम करणार नाही.

"कोण येणार" याचेही उत्तर रस्त्यावर आहे. धुळे-सोलापूर महामार्गाने खानदेशातली आणि मध्य प्रदेशातली कुटुंबे तुळजापूर-पंढरपूरला जातात. येडशी ते छत्रपती संभाजीनगर या १८९ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण झाल्यापासून गाड्या शहागडला थांबेनाशा झाल्या हे खरे. पूर्वी चहाला थांबणारी गाडी आता पूल ओलांडून थेट गेवराई, बीड गाठते. पण रात्री उशिरा लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन निघालेल्या गाडीला अजूनही थांबायची जागा हवी असते. आपल्याकडे ती नाही, म्हणून ती गाडी थांबत नाही. कोणी थांबत नाही म्हणून सोय करायची नाही, हा युक्तिवाद उलट्या टोकाने केलेला आहे.

आता एक आक्षेप असा आहे की ज्याचा मी आदर करतो. गावातली वडीलधारी माणसे म्हणतात, "पाहुण्याकडून पैसे घ्यायचे? आपल्यात तसं नसतं." पंढरपूरहून शेगावला परतणारी गजानन महाराजांची पालखी गेवराईकडून शहागडला येते तेव्हा गाव काय करते ते सगळ्यांनी पाहिले आहे. वारकऱ्याच्या ताटात भाकरी वाढताना कोणी पैशाचे नाव काढत नाही, काढूही नये. पण वारकरी आणि गाडी घेऊन दोन दिवस राहायला आलेले कुटुंब यांत फरक आहे, आणि हा फरक आपल्या पूर्वजांना चांगला कळत होता. त्र्यंबकेश्वर, नाशिक, तुळजापूर, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या आणि पुजाऱ्यांच्या घरी यजमान पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. आजोबा येऊन गेल्याची नोंद नातवाला वहीत दाखवली जाई. राहणे, जेवण, पूजा, दक्षिणा, सगळे त्या घरात होई आणि त्या घराचा चरितार्थ त्यावर चाले. कोकणात गुहागर-हरिहरेश्वरपासून तारकर्लीपर्यंत 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशा पाट्या दिसतात. त्या पाट्यांमागे बहुतेक ठिकाणी घरातली बाई उभी आहे, आणि तिच्या हातात स्वतःचा पैसा आला आहे. त्यात कोकणाचे अगत्य आटले असे कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. पैसे घेतल्याने पाहुणचार बाटत नाही. वाईट खोली देऊन पैसे घेतल्याने बाटतो.

दुसऱ्या बाजूच्या उत्साही मंडळींकडे वळतो. त्यांचा हिशेब कागदावर मांडून पाहू. धरून चाला, दोन खोल्या आहेत, भाडे बाराशे रुपये, आणि प्रत्येक खोली महिन्यातून आठ रात्री भरते. महिन्याची जमा १९,२०० रुपये. चादरी धुणे, वीज, सकाळचा नाश्ता, ॲपचे कमिशन, सफाईला येणाऱ्या बाईंचा पगार, तुटफूट, यात चाळीस टक्के गेले तर उरतात साडेअकरा हजार. खोल्या नीट करायला चार लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी बारा टक्क्यांनी काढले तर हप्ता येतो सुमारे ८,९०० रुपये. हातात राहतात सव्वीसशे. आणि यात एप्रिल-मेचा खंड धरलेलाच नाही. ऊन चाळिशीच्या वर गेल्यावर मराठवाड्यात हौसेने कोण राहायला येतो? महाबळेश्वरचे भाडे बघून शहागडचा हिशेब करणाऱ्याने आधी हे दोन महिने कसे काढायचे ते सांगावे.

याचा अर्थ धंदा होत नाही असा नाही. तो कर्जावर उभा करू नये, असा आहे. एक खोली, घरातल्या शिलकीतून. ती चालली तर दुसरी. कर्ज काढायचेच असेल तर घरातल्या बाईच्या नावाने काढावे. राज्याच्या २०२३ च्या 'आई' धोरणात महिला पर्यटन उद्योजकांच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज परत मिळण्याची तरतूद आहे, मात्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी हवी आणि हप्ते वेळच्या वेळी फेडलेले हवेत. वरच्या उदाहरणात पाच वर्षांचे व्याज एक लाख तेहतीस हजारांच्या घरात जाते. ते परत आले तर महिन्याला सव्वीसशेऐवजी पावणेपाच हजारांहून थोडे जास्त पदरात पडतात.

हंगामाचाही विचार आपल्या पंचांगाने करावा. बाहेरच्या जगाच्या सुट्ट्या शहागडला फारशा कामाच्या नाहीत. इथला हंगाम तिथींचा आहे : फाल्गुनात पैठणची नाथषष्ठी, आषाढीनंतरचे परतीचे दिवस, श्रावणातले शनिवार, नवरात्रात मत्स्योदरी आणि तुळजापूर. मधे डिसेंबर-जानेवारीत हुरडा. त्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरची आणि पुण्याची माणसे हुरड्यासाठी लांब लांब जातात, आणि इकडे गंगथडीची ज्वारी बघायला कोणी नाही. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आणले ते अशाच शेतकऱ्यासाठी. ज्याचे घर गावात आणि शेत नदीकाठी, त्याच्याकडे दोन्ही आहे.

पाहुणा खोलीत काय बघतो, हे मात्र सरकारी धोरणात लिहिलेले नसते. रात्री अकराला पोचलेली बाई आधी दाराची कडी आतून लावून बघते. मग बाथरूमला जाते. तिथे कपडे अडकवायला खुंटी आहे का, फरशीचा उतार मोरीकडे आहे की पाणी दाराबाहेर येते, बादली घासलेली आहे का, हे ती एका नजरेत पाहते आणि तिचे मत तिथेच बनते. ढाळजेतला पितळी हंडा, माळवदाचे खण, भिंतीतले कोनाडे, हे सगळे सकाळी आवडते, रात्री नाही. कडी ढिली असेल तर सकाळच्या येसर आमटीने आणि धपाट्यांनी ते भरून निघत नाही. म्हणून पैसा आधी मोरीत घालावा, रंगरंगोटीत नंतर. छत मातीच्या माळवदाचे असेल तर पावसाआधी पांढरी माती टाकल्याशिवाय एकही बुकिंग घेऊ नये. अंथरुणावर मातीचे थेंब गळले की पाहुणा पुन्हा येत नाही, आणि दुसऱ्या चौघांनाही येऊ देत नाही.

कागदपत्रांची भीती अनाठायी आहे, पण कागदपत्रे टाळणेही परवडणारे नाही. निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करावी, जेवण देत असाल तर अन्नपदार्थांची नोंदणी करावी, येणाऱ्याचे नाव-पत्ता वहीत लिहून ओळखपत्र बघावे. वेरूळ-अजिंठा करून एखादा परदेशी पाहुणा इकडे वळला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरावीच लागते. उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि ॲपवरून आलेल्या अशा बुकिंगवरचा कर ॲपवाल्यानेच भरायचा असतो.

वहीत नाव लिहिताना एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. आडनाव वाचून घरमालकाचा आवाज बदलतो. "खोली आत्ताच गेली हो." शहरांत भाड्याची घरे शोधणाऱ्या आपल्याच मुलांनी हे वाक्य ऐकले आहे, पुण्यात ऐकले आहे, मुंबईत ऐकले आहे, आणि रात्री फोन करून रडवेल्या आवाजात आईला सांगितले आहे. तेच वाक्य शहागडच्या ओसरीवरून दुसऱ्याच्या मुलाला ऐकवायचे असेल तर हा धंदा सुरूच करू नये. जात विचारून, धर्म विचारून दार उघडणाऱ्याने एकनाथांच्या पैठणचा फोटो आपल्या जाहिरातीत लावू नये. "चुलीजवळ कोणीही कसं येईल" असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की पाहुण्याला वेगळी खोली, वेगळी मोरी द्या, स्वयंपाकघर तुमचे तुम्ही ठेवा. तो तुमचा हक्क आहे. दारातून परत पाठवणे हा नाही.

शेवटी गाव बिघडण्याचा प्रश्न. व्हेनिसच्या जुन्या शहरात २०२२ मध्ये रहिवाशांची संख्या पन्नास हजारांच्या खाली आली. बार्सिलोनाने २०२८ च्या अखेरपर्यंत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने संपवायचे ठरवले. हे वाचून कोणी म्हणेल, ही ब्याद आपल्याकडे कशाला? तिथली भीती खरी आहे. घरांत माणसे राहीनाशी झाली, नुसते पाहुणे राहिले, भाडी वाढली आणि स्थानिकांना शहर सोडावे लागले. आपल्याकडे माणसे आधीच गेली आहेत. पोरगा चाकणला, नाही तर वाळूजला, घराला कुलूप, दिवाळीला चार दिवस उघडते. तरीही व्हेनिसचे पाहून आपण एक नियम करण्यासारखा आहे : ज्या घरात घरमालक राहतो त्याच घरात पाहुणा उतरवायचा. बाहेरच्या कोणी चार वाडे विकत घेऊन लांबून ॲपवर चालवायला सुरुवात केली तर त्याला ग्रामसभेने विरोध करावा. वाड्यात आजी असेल, तिने सकाळी "झोप लागली का?" विचारले असेल, तरच पाहुण्याला शहागड भेटले.

ग्रामपंचायतीकडे मागणे फार नाही. वाळू उपशाने पात्रात खोल खड्डे पडले आहेत. बाहेरून आलेल्या माणसाला ते दिसत नाहीत आणि तो सरळ पाण्यात उतरतो. तिथे ठळक फलक हवेत, आणि उपसा थांबायला हवा. जुन्या दरवाज्याभोवतीचा कचरा उचलावा. महामार्गावर नदीच्या दोन्ही अंगांना गावाच्या नावाखाली 'घरगुती मुक्काम' असे लिहून फोन नंबर द्यावा. ज्यांच्या घरी खोली रिकामी आहे त्यांनी यंदा घटस्थापनेच्या आधी दाराची कडी बदलावी, मोरीचा उतार नीट करून घ्यावा, आणि स्वतः एक रात्र त्या खोलीत झोपून पाहावे.