संत्र्याची बाग जंगल कधी झाली?

‘वनाच्छादनाचा टक्का घटलेला नाही, उपग्रहाचाच पुरावा आहे,’ असे म्हटले की जंगलाची चर्चा संपते. ती तिथे संपू नये. उपग्रह झाडांवरून परतलेला प्रकाश मोजतो. त्याला जंगल म्हणायचे की नाही, ते माणसे ठरवतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर वा अधिक जमिनीवर वृक्षछत्राची घनता किमान १० टक्के असली की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कोणते, हे तिथे विचारत नाहीत. नागपूर जिल्ह्यातील काटोल-नरखेडची दाट संत्राबागही त्यात बसते. समजा, त्याच जिल्ह्यात उमरेडकडे खाणीखाली शंभर हेक्टर साग गेला आणि तेवढ्याच बागा वाढल्या, तर बेरीज जागची हलणार नाही. अशा बेरजेवरून जंगल शाबूत आहे असे सांगणे मला मान्य नाही.

पण म्हणून ‘जंगल पायी फिरणाऱ्यालाच कळते, ही चित्रे कचेरीची’ हेही मला पटत नाही. फिरणाऱ्याला आजची कड दिसते. चाळीस वर्षांपूर्वीची कड कुठे होती याची साक्ष कोण देणार? लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून कोणालाही फुकट मिळतात. उघडी खाण कोणत्या वर्षी कुठवर सरकली, हे त्यांवर बोट ठेवून दाखवता येते. ऋतू मात्र एकच हवा. आपला साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. नोव्हेंबरच्या चित्राशेजारी एप्रिलचे ठेवले तर उभे जंगल तोडल्यासारखे दिसेल. उलट छत्राखाली घाणेरी माजली, मोहाची रोपे तगेनाशी झाली, तरी वरून सगळे हिरवेच. तिथे पायीच जावे लागते.

वनहक्क नियमांतील २०१२ च्या दुरुस्तीने दाव्यांच्या पुराव्यांबाबत दोन्ही नजरांचा मेळ घातला आहे: उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक, त्यांच्या जागी नव्हे. हेच सूत्र जंगलाच्या देखरेखीलाही लावा. उपग्रहचित्रांवर काम करणारी महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि इस्रोचे प्रादेशिक केंद्र, दोन्ही नागपुरातच आहेत. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा प्रत्येक ग्रामसभेला तिच्या सीमेतली, एकाच महिन्यातली, वर्षवार चित्रे मिळालीच पाहिजेत. कोणता डाग वणव्याचा आणि कुठे बांबू फुलून वाळला, हे तिथली माणसे बसल्या जागी सांगतील.